भाड्याचा कॅमेरा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलायला पंधरा मिनिटं दिली आहेत. या शाळेत मला पंधरा मिनिटं उभं करायचे ते बाकावर. माईकसमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या.

मागच्या भिंतीवर आपल्या शिक्षकांचे फोटो लावलेत, ते मी काढले आहेत. सकाळपासून निदान दहा जणांनी विचारलं, "तू कधीपासून फोटोग्राफर झालास?" एकानं तर विचारलं, "केवढ्याचा कॅमेरा आहे रे?" या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच आजचं माझं भाषण.

कॅमेऱ्याचं वेड आपल्या पिढीत सगळ्यांनाच थोडंफार होतं. कुणाच्या तरी काकांकडे आगफा क्लिक थ्री असायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. सहलीला तो कॅमेरा आला की आपण सगळे त्या काकांच्या पुतण्याशी फार गोड बोलायचो. माझ्या घरी कॅमेरा नव्हता, आणि पुढे नोकरी, घराचे हप्ते, मुलाचं शिक्षण यात तो आलाही नाही. २०१८ साली मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि मी बायकोला जाहीर केलं, "आता मी चांगला कॅमेरा घेणार."

ती काही बोलली नाही. तिनं फक्त गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीत माझी ट्रेडमिल होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. मग म्हणाली, "लग्नाची भांडी आपण विकत घेतो का? भाड्यानंच आणतो ना? तसा कॅमेरा आण आधी. टिकलास तर घे."

माझ्या या छंदाची सगळी दिशा त्या एका वाक्यानं ठरली.

पुण्यात कॅमेरे भाड्यानं देणारी दुकानं आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर छोटासा गाळा. भिंतीला काचेची कपाटं, आत ओळीनं लेन्स, आणि समोर माझ्या मुलाच्या वयाचा एक मुलगा. आधार कार्ड दाखवा, अनामत रक्कम भरा, फॉर्मवर सही करा. शुक्रवारी संध्याकाळी वस्तू न्यायची, सोमवारी सकाळी अकराच्या आत परत द्यायची, भाडं दोन दिवसांचं. मी घाईनं बॅग उचलायला लागलो तर त्यानं थांबवलं. "काका, आधी तपासून घ्या. नंतर तुमचं-माझं नको."

मोबाईलचा टॉर्च लेन्समधून आरपार टाकून त्यानं मला आत बघायला लावलं. आपल्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. पुढची काच, मागची काच, दोन्ही झाकणं, कडेला ठोकल्याच्या खुणा, बॅटरी, चार्जर, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून घ्यायला लावले. तुमच्यापैकी कुणी हा उद्योग करणार असेल तर एवढं नक्की करा. परत देताना होणारी निम्मी भांडणं इथेच मिटतात.

पहिल्या आठवड्याला मी निकॉनचा डी-७५० आणला. फुल फ्रेम, म्हणजे आतला सेन्सर जुन्या रोलमधल्या फोटोएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. पुढच्या आठवड्याला आणला डी-५६००. किमतीनं बराच कमी, वजनानं हलका, सेन्सर लहान. दोन्ही घेऊन पर्वतीवर गेलो, त्याच पायऱ्यांवरून, त्याच वेळेला, तेच फोटो काढले. घरी संगणकावर बायकोला दाखवले आणि विचारलं, कुठला महागाचा? तिला सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर फाइलचं नाव बघितल्याशिवाय मलाही सांगता आलं नाही.

पण एका भाच्याच्या हळदीला, अंधाऱ्या हॉलमध्ये, आयएसओ ६४०० पर्यंत वाढवल्यावर मात्र फरक कळला. मोठ्या सेन्सरचे फोटो स्वच्छ आले, लहान सेन्सरच्या फोटोंत सगळ्यांच्या चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखा दिसत होता. मग मी स्वतःला विचारलं, वर्षातून आपण किती हळदी करणार? आणि डी-५६०० विकत घेतला.

त्यानंतर एकेक लेन्स भाड्यानं आणायची सवय लागली आणि दर वेळी माझी फजिती ठरलेली.

पहिली फजिती. पन्नास मिलिमीटरची एक जुनी लेन्स फार स्वस्तात मिळत होती म्हणून आणली. घरी लावली तर फोकसच होईना. बटण दाबलं की सगळं ढिम्म. दुकानात फोन करून मी तावातावानं बोललो, "बिघडलेली वस्तू देता?" तो मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, त्या लेन्समध्ये मोटर नाही. ती फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात लागते, आणि तुमच्या कॅमेऱ्यात ती नाही. हातानं फिरवा." म्हणजे लेन्सही ठणठणीत, कॅमेराही ठणठणीत. नाही म्हणायला एक फायदा झाला. ते दोन दिवस हातानं फोकस करताना मला पहिल्यांदा कळलं की फोकस म्हणजे आपण निवडायची गोष्ट आहे. तोवर मी ते काम यंत्रावर सोडून मोकळा होत होतो.

दुसरी फजिती भिगवणची. उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात. त्यासाठी २०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स आणली. वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. विकत घ्यायची तर लाखाच्या घरात. मला वाटलं, एवढी मोठी लेन्स म्हटल्यावर पक्षी आपोआप येऊन बसतील. पहाटे कुंभारगावला पोहोचलो, नावेत बसलो. पक्षी दिसले, उडाले, मी धडाधड बटण दाबलं. आले ते गुलाबी फराटे. लेन्स जितकी लांबची तितका हाताचा थरथराट मोठा होऊन दिसतो. साधा हिशेब असा की पाचशेच्या लेन्सला सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ हवा. माझ्या लहान सेन्सरसाठी दीडपट धरली तर साडेसातशेवा. उडता पक्षी आणि हलती नाव म्हटल्यावर त्याहूनही कमी. मी अडीचशेवर ठेवून बसलो होतो.

नाव चालवणारे मामा मासेमारी करणारे. बराच वेळ माझी धडपड बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, जरा थांबा. सूर्य पाठीवर घेतो. पाखरू वाऱ्याच्या तोंडावर उडतंय. ते उडायच्या आधी चार पावलं पळतंय, तवा तयार ऱ्हावा." त्यांनी नाव वळवली, वल्हं थांबवलं आणि आम्ही नुसते बसून राहिलो. त्या दिवसाचे माझे दोनच फोटो धड आले. दोन्ही त्या मामांचे म्हणायचे, बटण तेवढं मी दाबलं.

तिसरी गोष्ट आपल्या कासची. लहानपणी आपण सायकली हाणत तिकडे जायचो तेव्हा ते फक्त कासचं पठार होतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं, आणि आता सप्टेंबरात तिथे जायचं तर आधी नोंदणी करावी लागते. मी १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेऊन गेलो. सीतेची आसवं नावाचं ते इवलंसं जांभळं-निळं फूल तुम्हाला आठवत असेल. एवढ्या जवळून फोटो काढताना फोकसमध्ये राहणारा भाग मिलिमीटरभरही नसतो. वारा आला की फूल गेलंच. चांगली जागा मिळावी म्हणून मी वाट सोडून एक पाय आत टाकला. तिथला राखणदार लांबून ओरडला, "फोटोत एक फूल येईल, पण पायाखाली चार गेली!" मान खाली घालून मी वाटेवर परत आलो. मग वाटेच्या कडेलाच पालथा पडून जे दिसलं त्याचे फोटो काढले. भिंतीवर टांगावा असा माझा पहिला फोटो त्यातलाच.

मी एक वही ठेवली होती. कुठली लेन्स आणली, भाडं किती, कशासाठी आणली आणि प्रत्यक्षात काय काढलं, हे लिहायचो. सहा वर्षांत चौदा वेळा भाड्यानं वस्तू आणल्या. सगळं मिळून एकोणीस हजारांच्या आसपास खर्च. त्या सगळ्या विकत घेतल्या असत्या तर पाच लाखांच्या पुढे गेलो असतो आणि गॅलरीत ट्रेडमिलशेजारी दुसरं कपाट लागलं असतं. वही चाळली तेव्हा दिसलं की मी पक्षी काढायला जातो आणि नावाड्याचे फोटो जास्त काढतो. फुलं काढायला जातो आणि परत येताना चहाच्या टपरीवरच्या म्हातारीचा फोटो काढतो. म्हणजे मला माणसांचे चेहरे आवडतात. हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं. मग चेहऱ्यांसाठी पन्नास मिलिमीटरची, मोटर असलेली, १८५ ग्रॅमची छोटी लेन्स विकत घेतली. माझ्याकडे आजही तेवढंच आहे. "केवढ्याचा कॅमेरा" विचारणाऱ्याला उत्तर मिळालं असेल.

आता ज्यासाठी मी इथे उभा राहायला तयार झालो ते सांगतो.

या वर्षी जानेवारीत संयोजन समितीनं मला सांगितलं की आपल्या सगळ्या शिक्षकांचे फोटो तू काढायचेस. यादीत पहिलं नाव होतं आपल्या विज्ञानाच्या सरांचं. ते आज आपल्यात नाहीत. सरांचा फोटो म्हटल्यावर मला माझी छोटी लेन्स कमी वाटायला लागली. चौदाव्यांदा मी दुकानात गेलो ते याच कामासाठी. ८५ मिलिमीटर, एफ १.४. चेहऱ्यांसाठी याहून चांगली लेन्स भाड्यानं मिळणं अवघड, असं तो मुलगा म्हणाला आणि ते खरंच होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शनिवार पेठेत सरांच्या घरी गेलो. सर ब्याऐंशी वर्षांचे. कंपवातानं हात आणि मान सारखी हलत होती. "कशाला रे फोटो," म्हणाले, पण सूनबाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते बसले. मला संध्याकाळी पुण्याला परतायचं होतं, सोमवारी अकराच्या आत लेन्स द्यायची होती. तासाभरात साठेक फोटो काढले. चहासुद्धा उभ्यानं प्यालो. सर काहीतरी विचारत होते, मी "हो सर, हो सर" करत कॅमेऱ्यात बघत होतो.

रात्री घरी संगणकावर फोटो उघडले आणि पोटात गोळा आला. साठच्या साठ वाया. सरांच्या कानावरचे केस एकेक मोजता येत होते. चश्म्याची काडी लख्ख होती. डोळे धुरकट. एफ १.४ वर दीड मीटर अंतरावरून फोकसमध्ये राहतो जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचा भाग. सरांची मान हलायची तेवढ्यात डोळे त्या पट्टीच्या बाहेर जायचे.

लेन्समध्ये काही दोष नव्हता. चूक सगळी माझी होती. आणि ते सरांना फोन करून कसं सांगायचं हे मला तीन आठवडे कळत नव्हतं. त्यात मध्ये त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं असं कळलं. ते दिवस वाईट गेले. सर घरी आल्याचं कळलं त्याच रविवारी मी निघालो, माझी स्वतःची छोटी लेन्स घेऊन. यावेळी सोमवारी कुणाला काही परत द्यायचं नव्हतं.

गेल्या गेल्या मी कबूल केलं. सर म्हणाले, "दाखव बघू." मोबाईलवर तो फोटो दाखवला. त्यांनी चश्मा कपाळावर सरकवला, मोबाईल अगदी नाकाशी धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "भोक मोठं ठेवलंस."

मित्रांनो, सरांनी आयुष्यात डिजिटल कॅमेरा हातात धरला नव्हता. पण तुम्हाला आठवी आठवते का? सूचिछिद्र प्रतिमाग्राहक? बुटाचं खोकं, एका बाजूला तेल लावलेला कागद, दुसऱ्या बाजूला भोक. याच इमारतीच्या गच्चीवर सरांनी आपल्याला ओळीनं उभं केलं होतं आणि प्रत्येकाच्या खोक्यात अजिंक्यतारा उलटा दिसला होता. आधी खिळ्यानं भोक पाडलं, तर चित्र उजेडी पण पुसट. मग दुसऱ्या खोक्याला सुईनं पाडलं, तर चित्र मंद पण रेखीव. सर तेव्हा म्हणाले होते, उजेड हवा की रेखीवपणा, ते आधी ठरवा आणि मग भोक पाडा. लेन्सच्या भोकाचं गणित तंतोतंत तसंच नसलं तरी देवाणघेवाण तीच. मी सहा वर्षं आणि एकोणीस हजार रुपये घालवून जे शिकत होतो, ते सरांनी मला आठवीत फुकट शिकवलं होतं.

मी लेन्स एफ ४ वर आणली. आता चौदा-पंधरा सेंटीमीटरचा भाग फोकसमध्ये राहणार होता, नाकापासून कानापर्यंत. सरांना खिडकीशी बसवलं. मग कॅमेरा मांडीवर ठेवून आम्ही बोलत बसलो. पहिल्या वेळी त्यांनी काय विचारलं होतं ते मी आता विचारलं. ते म्हणाले, "वर्गाचा फोटो आहे माझ्याकडे. त्यात तू कुठे आहेस ते दाखव, असं म्हणत होतो."

सूनबाईंनी फोटो आणला. १९८४ चा, आपला. फळ्यासारखी ती पाटी, खुर्चीवर सर आणि बाई. मी म्हटलं, "सर, मी नाहीये यात." हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. फोटोची वर्गणी पाच रुपये होती आणि त्या महिन्यात घरी मागायची सोय नव्हती. मी ताप आल्याचं सांगून घरी राहिलो होतो.

सर म्हणाले, "माहीत आहे. मी रांगा मोजल्या होत्या. फोटोवाला घाई करत होता, त्याला पंधरा मिनिटं थांबवला मी. शिपायाला तुझ्या घरी पाठवला होता. तू दार उघडलं नाहीस."

दार मी खरंच उघडलं नव्हतं. शिपाई का आला होता, ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

मला काही बोलता येईना. सर खिडकीबाहेर बघायला लागले, मला सावरायला वेळ द्यावा म्हणून असेल. तेव्हा मी कॅमेरा उचलला. मान हलत होती, पण श्वास सोडल्यावर क्षणभर थांबत होती. भिगवणच्या मामांनी सांगितलं होतं तसा मी तयार राहिलो. दोन तासांत सगळे मिळून वीस फोटो काढले असतील. मागच्या भिंतीवर मधोमध लावलाय तो त्यातला सातवा.

निघताना सरांनी कॅमेरा मागितला. "तू बस तिकडे." थरथरत्या हातांनी त्यांनी माझा एक फोटो काढला. तो पूर्ण हललेला आहे, मी ओळखूही येत नाही. तो मी कुणाला दाखवत नाही, पण पुसलेलाही नाही. आषाढात सर गेले.

छंद लावून घ्यायला साठी जवळ आलेली असली तरी हरकत नाही, एवढंच मी सांगू शकतो. विकत घ्यायची घाई करू नका. भाड्यानं आणा, फजिती करून घ्या, वहीत लिहून ठेवा. पण एक ध्यानात ठेवा, भाड्याच्या वस्तूबरोबर परतीची वेळ येते, आणि ती वेळ डोक्यात असली की समोरचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. त्यामुळे ज्याच्या घरी निवांत बसायचं आहे, तिथे जे आपलं आहे तेच घेऊन जा.

आता जेवणाआधीची एक सूचना. खालच्या पटांगणात झेंड्याच्या खांबापाशी खुर्च्या मांडल्या आहेत. पुढे सर आणि बाई, मागे आपण, उंचीप्रमाणे. माझा कॅमेरा तिपाईवर असेल आणि टायमर लावलेला असेल, त्यामुळे या वेळी मीही त्यात आहे. वर्गणी नाही. मी रांगा मोजणार आहे, आणि सगळे आल्याशिवाय बटण दाबणार नाही.